तीन नंबरची पृथ्वी

दोंगम्योच्या बाजारात, जुन्या कोटांच्या ढिगाला लागून
माझं दुकान: एक टेबल, वर निळं प्लास्टिक,
चार खोकी सिनेमे आणि एक भिंग.
डबीच्या पाठीवर, कोपऱ्यात,
मसुराएवढी पृथ्वी छापलेली असते. तिच्या पोटात आकडा.
तो वाचायला भिंग.
कुणीतरी कधीतरी बसून जगाच्या वाटण्या केल्या,
बांध घातले,
आणि प्रत्येक वाट्यातल्या यंत्राला बजावून ठेवलं,
शेजारच्याचं दाखवायचं नाही.
सोल आलं तीन नंबरात.

होल्मुरोद रविवारी येतो.
चांगशिनच्या चढावरच्या कारखान्यात पिशव्यांना चेन लावतो.
बोटांना मशीनचं तेल, म्हणून डबी नुसत्या कडांनी धरतो,
तव्यावरची भाकरी उचलावी तशी.
"मालक, ही कोकंदला चालेल?"
कोकंद कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं.
"उझबेकिस्तान," तो म्हणाला.
मग आकडा ठाऊक होता. पाच.
"नाही चालायची. पण घरचं यंत्र कुठलं ते विचार आधी.
चिनी असेल तर ऐकतं जरा."

लगेच फोन. तिकडे घड्याळ चार तास मागे,
धाकट्या इक्रोमला झोपेतून उठवलेलं.
त्याने यंत्र उलटं केलं, एक वायर निसटली,
मागून आई ओरडली, यंत्रावरचा भरतकामाचा रुमाल खाली पडला म्हणून.
होल्मुरोद एकेक वाक्य मला कोरियनमध्ये उतरवून देत होता.
"इतके व्होल्ट, इतके वॅट..."
"ते सोड. पृथ्वी शोध म्हणावं."
"कुठली पृथ्वी, विचारतोय."
"बारकी."
बराच वेळ नुसती खरखर.
"सापडली. पाच."

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर युक्त्या आहेत:
कुठल्या यंत्राचा ट्रे उघडा ठेवून
रिमोटवर काय दाबलं की ते आपला आकडा विसरतं.
मी सांगितलं, याने सांगितलं, तिकडे दाबलं गेलं.
तीनदा चुकलं.
चौथ्यांदा कोकंदच्या पडद्यावर शून्य आलं.
शून्य म्हणजे कुठलंही चालेल.
या धंद्यात मला आवडणारी एवढीच एक गोष्ट.

"पण खाली अक्षरं आमचीच आहेत," मी म्हटलं.
"आईला गोष्ट कशी कळायची?"
"गोष्ट कुणाला हवीय, मालक?
एक्केचाळिसाव्या मिनिटाला हिरो पळत एक जिना चढतो.
तो माझा जिना आहे.
वर डावीकडे माझं दार दिसतं. अर्धंच दिसतं."

डबीचे मी तीन हजार वॉन सांगतो.
त्याच्याकडून दोन घेतले. झाकणाला चीर होती,
उगाच उपकार समजायला नको.

दीड महिन्याने आला.
"चाललं?"
"चाललं. काळंपांढरं."
तेव्हा मी कपाळावर हात मारला.
तिकडचा टीव्ही जुना,
इकडच्या चित्राचा रंग त्याला पचत नाही.
यंत्र उलटंपालटं करून तपासलं आम्ही दोघांनी
आणि टीव्हीचं विचारायचं राहिलं.
बावीस वर्षं हेच करतोय मी.

आईने जिना पाहिला. परत लाव म्हणाली.
इक्रोमने पाच वेळा लावला.
मग तिने फोनवर विचारलं,
तू राहतोस तिथे रंग नसतात का रे?

आता होल्मुरोद माझ्या टेबलाशी उभा आहे, फोन कानाला.
भाषा मला कळत नाही. हात कळतो:
हाताने पायऱ्या चढतोय, वळण घेतोय, कठडा धरतोय.
मग बोट माझ्या टेबलावरच्या प्लास्टिकवर येऊन थांबलं.
काहीतरी म्हणाला. निळं, असणार.
तिकडून काहीतरी विचारणा झाली.
त्याने प्लास्टिकचा कोपरा उचलला, उजेडात धरला,
मान हलवली, नाही,
आणि माझ्याकडे वळला:
"मालक, याच्याहून थोडं फिकं
आहे का काही?"

मी शेजारच्या कोटांच्या ढिगात हात घातला.